सही बहिणींची, जमीन भावांची

वाचकाचे पत्र

माझे वय ५६ वर्षे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका गावात आमची दीड एकराची वाडी आहे. वडील बारा वर्षांपूर्वी मृत्युपत्र न करता वारले. आई हयात आहे. आम्ही दोघे भाऊ आणि दोघी बहिणी. विद्यार्थिदशेत मी वडिलांबरोबर वसईचा हरित पट्टा वाचवण्यासाठी निघालेल्या हरित वसईच्या मोर्चात चाललो आहे. आज मी पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे आमच्या चर्चच्या सल्लागार मंडळावर आहे आणि रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधील उपासनेत, शास्त्रवाचन करतो. धाकट्या भावाला वाडी विकसकाला द्यायची आहे. त्यासाठी बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यावे, असे आम्ही दोघा भावांनी ठरवले. धाकट्या बहिणीने साध्या कागदावर सही दिली. थोरली अजून काहीच बोललेली नाही. नाताळात आईने दरवर्षीप्रमाणे सुकेळीच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, चार सारख्या पुड्या बांधल्या, तेव्हा माझ्या मुलीने सर्वांसमोर विचारले, “पप्पा, पुड्या चार आहेत, मग कागदावर नावे दोनच का?” मला उत्तर देता आले नाही. दुसरी गोष्ट राजकारणाची. पालिकेच्या निवडणुकीत मी ज्याचा प्रचार केला, त्याने एक बावखल, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे तळे, बुजवून त्यावर बांधकाम केले आहे, हे मला ठाऊक होते. पण आमच्या आळीत नळाचे पाणी त्यानेच आणले आणि चर्चच्या सणाला त्याने देणगीही दिली, म्हणून मी गप्प राहिलो. आदर्श वेगळे आणि वास्तव वेगळे, असे सगळेच म्हणतात. मग मी वेदीजवळ उभा राहून वाचायचे थांबवावे का? राजकारण आणि चर्चचे काम, दोन्हींतून बाहेर पडावे का?

— एक वाचक, वसई

उत्तर

प्रिय बंधू,

“आदर्श वेगळे आणि वास्तव वेगळे” हे वाक्य आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे, परंतु मला उत्तराची सुरुवात तेथूनच करावी लागेल, कारण या एका वाक्यात आपण दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी एकाच टोपलीत ठेवल्या आहेत. बावखल बुजले ते आपल्या हाताने नव्हे. निवडणुकीला कोण उभे राहणार, हे आपण ठरवले नाही, आणि पाण्याची जोडणी देण्याचा अधिकारही आपला नव्हता. तेथील वास्तव दुसऱ्यांनी घडवले आणि आपण त्यातून मार्ग काढला. तो मार्ग चुकला असेल, पण परिस्थिती आपण निर्माण केलेली नाही. हक्कसोडपत्राचा कागद मात्र आपल्या घरात, आपल्या टेबलावर, आपल्या संमतीने लिहिला गेला. तेथे वास्तव म्हणजे दुसरे तिसरे कोणी नसून आपण स्वतः आहात. म्हणून राजकारणाचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून मी आधी त्या कागदाविषयी लिहितो.

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू, कारण पुष्कळ ख्रिस्ती घरांत तो कोणी कधी उघडून वाचलेलाच नसतो. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता माणूस वारला आणि मागे पत्नी व मुले असतील, तर पत्नीला एक तृतीयांश वाटा मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांमध्ये सारखे वाटले जातात. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. दीड एकर म्हणजे ६० गुंठे. ती सर्व जमीन आपल्या वडिलांच्या एकट्याच्या मालकीची असेल, तर त्यांतील २० गुंठे आपल्या आईचे आणि प्रत्येक भावंडाचे १० गुंठे, म्हणजेच दोघी बहिणींचे मिळून २० गुंठे. ही वाटणी वडिलांच्या मृत्यूच्या दिवशीच कायद्याने ठरून गेली आहे. सातबाऱ्यावर नावे चढली आहेत की नाहीत याने ती बदलत नाही. सातबारा हे महसुलाचे दप्तर आहे, मालकी तेथे जन्माला येत नाही. तेव्हा बहिणी आपल्याकडे काही मागत आहेत, अशी समजूत मनातून काढून टाकावी. त्या काहीही मागत नाहीत. त्यांच्या मालकीचे जे आहे, ते आपण मागत आहात.

केरळमधील त्रावणकोरच्या सीरियन ख्रिस्ती समाजात १९१६ च्या जुन्या संस्थानी कायद्यानुसार मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळत असे. मेरी रॉय या बाईंनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ मध्ये न्यायालयाने १९२५ चाच कायदा त्यांनाही लागू असल्याचा निकाल दिला. आपल्याकडे असा लढा देण्याची वेळ आली नाही, कारण कायदा आधीपासूनच मुलींच्या बाजूने होता. आणि म्हणूनच की काय, आपल्या घरांत कायद्याला वळसा घालण्याचे काम प्रेमाने, सणासुदीला, जेवणानंतर कागद पुढे सरकवून होत आले आहे.

आपण लिहिले नसले, तरी या घरांत कोणती कारणे सांगितली जातात ते मला ठाऊक आहे. बहिणींच्या लग्नात खर्च झाला, सोने दिले; त्यांची सासरी जमीन आहे; वाडीचे तुकडे पडतील; आणि शेवटचे म्हणजे, ती स्वतःच नको म्हणाली. यांतील पहिली तीन कारणे हिशेबाची आहेत आणि त्यांचा हिशेब मांडता येतो, परंतु तो बहिणींना समोर बसवून मांडावा लागतो. शेवटचे कारण अधिक नाजूक आहे. बहीण नको म्हणते तेव्हा ती खरोखर जमीन नाकारते की माहेर तुटण्याची भीती बोलून दाखवते, हे भावाने ओळखायला हवे. वाटा मागितला तर सणाला बोलावणे येणार नाही, आईच्या उशाशी बसता येणार नाही, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. त्या भीतीपोटी केलेली सही कायद्याच्या दृष्टीने कदाचित टिकेलही. प्रभूसमोर ती भावाच्या उपयोगी पडेल असे मला वाटत नाही.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही, कारण मी असे घर आतून पाहिले आहे. माझ्या आत्याने तरुणपणीच माझ्या वडिलांच्या नावे सही करून दिली होती. पुढे ती विधवा झाली आणि भाड्याच्या एका खोलीत राहू लागली. वडील दर वर्षी भात झोडून झाला की तिच्याकडे तांदळाची एक गोण पाठवत असत आणि आपण बहिणीला विसरलो नाही, याचे त्यांना मनापासून समाधान होते. आत्या ती गोण रिकामी झाल्यावर धुऊन, वाळवून, चौकोनी घडी घालून परत पाठवत असे. ती घडी मी लहानपणी अनेकदा हातात घेतली आहे. तिच्या कडा इतक्या नेटक्या जुळवलेल्या असत की उलगडायला जिवावर येई. अखेरच्या आजारात वडील मला म्हणाले, “तिने गोण कधीच ठेवून घेतली नाही.” त्यापुढे ते काही बोलले नाहीत. आत्याने कधी तक्रार केली नव्हती. ती मिस्सेला आमच्याच बाकावर बसायची. परंतु जे तिचे होते ते भिक्षा म्हणून दर वर्षी तिच्या दारात जात होते आणि ते तिला कळत होते, हे वडिलांना समजायला आयुष्य सरावे लागले. आपण ५६ वर्षांचे आहात. आपल्या दोघी बहिणी हयात आहेत. माझ्या वडिलांच्या हातात जो वेळ उरला नव्हता, तो आपल्याजवळ आहे.

पवित्र शास्त्रात हा प्रश्न फार आधी आलेला आहे. गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे आणि सर्व मंडळीपुढे उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात. मोशे उत्तर देत नाही, तो प्रश्न परमेश्वरापुढे नेतो, आणि परमेश्वर म्हणतो की मुलींचे म्हणणे रास्त आहे. त्या काळी भाऊ नसेल तरच मुलीला वतन मिळे आणि पुढे छत्तिसाव्या अध्यायात लग्नाची अटही आली, हे मी लपवू इच्छित नाही. पण त्या पाचही जणींची नावे शास्त्राने जपून ठेवली आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या कागदावर दोघी बहिणींची नावे फक्त सोडून देणाऱ्या म्हणून येणार आहेत. आपल्या मुलीच्या लक्षात नेमके हेच आले.

काही जण लूकच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायाचा दाखला देतील. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, आणि येशू विचारतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले? यावरून चर्चने घरच्या वाटणीत पडू नये, असा अर्थ काढला जातो. पण लगेच पुढच्याच वचनात तो सगळ्यांना लोभापासून सावध राहायला सांगतो, आणि त्यापाठोपाठ अधिक मोठी कोठारे बांधायला निघालेल्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. वाटणी करून देण्याचे त्याने नाकारले. लोभाविषयी बोलण्याचे त्याने टाळले नाही. आपल्या घरच्या गुंठ्यांचा हिशेब फादरांनी करावा, असे मीही म्हणणार नाही.

वाडी विकावी की नाही, याविषयी मी आपल्याला दोष देणार नाही. मोर्चात चाललेल्या माणसाने जमीन विकणे म्हणजे विश्वासघात, असे कोणी म्हणत असेल तर तो वाडीत राबलेला नसावा. विहिरी मचूळ होत आहेत, फुलाभाजीचे गणित जुळत नाही, पोरे लोकलने नोकरीला जातात. तरीही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, हरित पट्टा बांधकामाला खुला होतो आहे हे पाहून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर वसईची माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हा त्यांचे म्हणणे इतकेच होते की, या जमिनीचे भवितव्य तिच्यावर जगणाऱ्यांना न विचारता कोणी ठरवू नये. तेच म्हणणे घरात आणून पाहावे. आपल्या ६० गुंठ्यांचे पाच मालक आहेत आणि निर्णय दोघांनी घेतला आहे. थोरली बहीण अजून बोललेली नाही, असे आपण लिहिता; तिला कोणी विचारले आहे का? कदाचित तिला विकायचे असेल. कदाचित ती वाडी राखण्याच्या बाजूची असेल आणि मोर्चातल्या आपल्याच बाजूचे ते मत असेल. सही मागणे आणि मत विचारणे यांत फरक आहे.

आता राजकारण. येथे मी आपल्याशी अधिक मऊपणे बोलणार आहे, आणि त्याला कारण शमुवेल संदेष्टा आहे. त्याने म्हातारपणी आपल्या दोघा मुलांना, योएल आणि अबीया यांना, बैरशेबा येथे शास्ते नेमले. त्या दोघांनी लाच घेतली आणि न्याय विपरीत केला. त्यामुळेच वडीलजन येऊन म्हणाले की, आता आम्हाला राजा दे. म्हणजे इस्राएलात राजेशाही आली ती एका सत्पुरुषाच्या घरातल्या दोषातून. शमुवेलाने लोकांना बजावले की राजा तुमची उत्तम शेते, द्राक्षमळे आणि जैतुनाची बने घेऊन आपल्या चाकरांना देईल. वसईकराला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. तरी लोकांनी ऐकले नाही, आणि परमेश्वराने शमुवेलाला सांगितले की, त्यांचे म्हणणे मान्य कर. मग शमुवेल रुसून घरी बसला नाही. त्याने शौलाला राजा म्हणून अभिषेक केला, आणि शौल चुकला तेव्हा त्याच्या तोंडावर तसे सांगितलेही.

उमेदवाराला मत देणे किंवा त्याचा प्रचार करणे म्हणजे त्याला संतपद बहाल करणे नव्हे. आपल्यासमोर जी नावे होती त्यांतून आपण निवड केली, आळीत पाणी येणे ही खरी गरज होती, आणि हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना आदर्शाचे कारण सांगून आणखी पाच वर्षे थांबवणे हेही पुण्यकर्म ठरले नसते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे की, मानवी कायदा बहुसंख्य अपूर्ण माणसांसाठी असतो आणि म्हणून तो सर्वच दुर्गुणांना मनाई करू शकत नाही. राजकारणाकडूनही आपण पूर्णत्वाची अपेक्षा ठेवू शकत नाही. इथवर आपले मन आपल्याला उगाच खात आहे.

परंतु आपण गप्प राहिलात, तो प्रश्न निराळा आहे. बावखल म्हणजे नुसता खड्डा नव्हे. पावसाचे गोडे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि खारे पाणी मागे रेटते, त्याच्या जिवावर आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. ते बुजवणाऱ्याने नळ आणून दिला, तर एका हाताने घेतलेले त्याने दुसऱ्या हाताने थोडेसे परत केले आहे. हे आपल्याला कळत होते, कारण आपण वाडीवाले आहात. आपण त्याला मत दिले, यात मला तितकीशी चूक वाटत नाही. सणाची देणगी आली आणि आपले तोंड बंद झाले, यात मात्र चूक आहे, आणि ती एकट्या आपली नसून आपल्या कौन्सिलची आहे. पुढल्या बैठकीत ठराव मांडावा की, निवडणुकीच्या वर्षात कोणत्याही उमेदवाराची देणगी सणासाठी घ्यायची नाही. ठराव पडला तरी तो इतिवृत्तात राहील. आणि ज्याचा प्रचार केला त्याच्याकडे स्वतः जावे, गावात उरलेल्या बावखलांची यादी हातात द्यावी, आणि ती पालिकेच्या दप्तरात नोंदली जावीत अशी लेखी मागणी करावी. प्रचारकाला उमेदवाराच्या दारात जो प्रवेश असतो, तो विरोधकाला नसतो. तो वाया घालवू नये.

राजकारणातून बाहेर पडावे का, असे आपण विचारता. धर्मगुरूंना पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेण्यास चर्चच्या नियमांनी सहसा मनाई आहे. ते काम आपल्यासारख्या प्रापंचिकांचेच आहे, आणि आपण निघून गेलात तर ती जागा बावखले बुजवणारेच भरतील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये श्रद्धा आणि रोजचे जीवन यांतील फारकत ही आपल्या काळातील गंभीर चुकांपैकी एक मानली आहे. राजकारण सोडल्याने ती फारकत बुजत नाही.

संत थॉमस मोर यांची आठवण येथे होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्यांना राज्यकर्त्यांचे आणि राजकारण्यांचे आश्रयदाते संत घोषित केले. ते इंग्लंडच्या राजाचे लॉर्ड चॅन्सेलर होते. वर्षानुवर्षे ते त्या दरबारात राहिले, तडजोडी पाहत आणि करत राहिले, आणि त्यांच्या कारकिर्दीत पाखंडाच्या आरोपावरून माणसे जाळलीही गेली, हे डोळ्यांआड करता येत नाही. १५३२ मध्ये त्यांनी पद सोडले, आणि ज्या शपथेला त्यांची सदसद्विवेकबुद्धी संमती देईना ती घेण्याचे त्यांनी नाकारले, म्हणून १५३५ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. मला त्यांच्याविषयी ओढ वाटते ती ते निर्दोष होते म्हणून नाही. कुठे सहन करायचे आणि कुठे आपले नाव द्यायचे नाही, याची रेघ त्यांनी अखेर ओळखली.

आपली रेघ त्या हक्कसोडपत्रावर आहे.

वाचनाविषयी. आपण वाचन कायमचे सोडू नये, पण काही आठवडे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की, वेदीजवळ अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जा, समेट कर, आणि मग येऊन अर्पण कर. अर्पण परत घरी न्यायचे नाही, ते वेदीपुढे ठेवूनच जायचे आहे, आणि परत यायचे आहे. फादरांना सांगून आपले नाव तात्पुरते यादीतून काढून घ्यावे. कारण सांगायचे की नाही, ते आपण ठरवावे.

मधल्या काळात करण्याची कामे थोडी आहेत. जमिनीवरील हक्क सोडण्याचा दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो; साध्या कागदावरच्या सहीने धाकट्या बहिणीचा हक्क गेलेला नाही. तो कागद तिच्या हातात परत द्यावा आणि फाडायचा की नाही, ते तिला ठरवू द्यावे. त्यानंतर तलाठ्याकडे पाचही वारसांच्या नावांची नोंद होण्यासाठी अर्ज द्यावा. जमीन आजोबांच्या नावे असेल, किंवा कुळाची असेल, तर हिशेब बदलू शकतो. म्हणून एकदा वकिलाला कागदपत्रे दाखवावीत, आणि त्या वेळी बहिणींनाही बरोबर न्यावे. नावे लागल्यानंतर एखादी बहीण स्वखुशीने आपला वाटा देऊ करील, तर तो अवश्य घ्यावा. तेव्हा ते तिचे दान असेल आणि ती ते ताठ मानेने देईल. धाकटा भाऊ रागावेल. विकसक घाई करील. त्या दोघांना आईच्या २० गुंठ्यांची आठवण करून द्यावी. तिच्या सहीविना सगळी वाडी विकता येणार नाही, आणि तिला अजून कोणी विचारलेले दिसत नाही.

आपल्या मुलीला उत्तर द्यायचे राहिले आहे. तिने प्रश्न सर्वांसमोर विचारला होता, तेव्हा उत्तरही सर्वांसमोर, आईच्या घरी, दोघी आत्या बसलेल्या असताना द्यावे.

आपला,
सदरलेखक